अनुस्वार शोधता शोधता

२०२३च्या गणपती विसर्जनानंतरचा तिसरा किंवा चौथा दिवस. मी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या छापखान्यातून बाहेर पडले, स्कूटर स्टँडवरून काढली आणि मागून काही येतंय का ते बघायला उजवीकडे वळायला गेले, तर मान वळेना. दुखली असं म्हणणार नाही. वळलीच नाही. पावसाळ्यात फुगलेलं दार अर्ध्यावर अडतं तशी अडली. मग कमरेपासून अख्खी वळले, तेव्हा अगदी मागे येऊन उभा राहिलेला टेम्पो दिसला. तो मघापासून हॉर्न वाजवत होता म्हणे.

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचे पैसे घेते. जुलै ते ऑक्टोबर हा आमचा हंगाम. दिवाळी अंक याच चार महिन्यांत जुळतात आणि प्रत्येक संपादकाला आपलाच अंक आधी हवा असतो. पूर्वी प्रुफं कागदावर यायची. पोऱ्या सायकलवरून गठ्ठा टाकून जायचा आणि मी मांडी घालून, सासऱ्यांच्या उतरत्या डेस्कवर लाल पेन घेऊन बसायची. (सासरे लक्ष्मी रोडवरच्या एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांचं ते लाकडी डेस्क, वरच्या कडेला दौतीची खाच असलेलं.) करोनाच्या काळात कागद थांबला, पीडीएफ सुरू झाली आणि तीच राहिली. "ताई, दुसरा फॉर्म टाकलाय व्हॉट्सॲपवर, तासाभरात होईल ना?" (फॉर्म म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच.) घरातला एकुलता एक लॅपटॉप लेकाबरोबर होस्टेलला गेला आणि मी फोनवर प्रुफं तपासायला लागले.

मराठीतली चूक बहुतेक वेळा शिरोरेषेच्या वर तरी बसलेली असते, नाहीतर अक्षराच्या पायाशी. रफार, अनुस्वार, वेलांटी, उकार. साडेसहा इंची पडद्यावर अनुस्वार म्हणजे खसखशीचा दाणा. दोन बोटांनी पान ताणलं की अक्षर मोठं होतं, पण ओळ पडद्याबाहेर पळते. ती इकडून तिकडे सरकवत वाचायचा कंटाळा आला की पान परत लहान करायचं आणि आपलंच तोंड पुढे न्यायचं. त्यात माझा चाळीशीचा चष्मा कायम फ्रीजवर. म्हणजे मान नुसती खाली जात नव्हती, कासवासारखी पुढेही निघत होती आणि तास तास तिथेच राहत होती. चूक सापडली की ती त्याच फोनवर लिहायची, 'पान १४, ओळ ७, पाणि नको, पाणी'. एका अंगठ्याने.

खुणा आधीपासून होत्या. उन्हाळ्यापासून रोज संध्याकाळी कवटीच्या मागे, केसांच्या मुळाशी एक दुखणं सुरू व्हायचं आणि आठ वाजेपर्यंत कपाळावर यायचं. पित्त समजून मी आमसुलाचं सार पीत होते. उजव्या खांद्यावर कुणी हात ठेवून उभं असल्यासारखं जड वाटायचं. ते मी पर्सवर ढकललं आणि पर्स डाव्या खांद्यावर घेतली.

त्या दिवशी स्कूटर छापखान्यातच ठेवून रिक्षाने घरी आले. सासूबाईंनी बघितलं आणि निदान केलं, "वेडीवाकडी झोपली असशील. उशी उन्हात टाक." मराठी घरात मान धरली की पहिला उपचार उशीवर होतो, मानेवर नंतर. उशी दोन दिवस गच्चीत तापत राहिली. मग शेजारच्या काकूंनी उसण समजून लाटणं फिरवलं, वरून निर्गुडीचं तेल चोळलं. तेलाने बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रात्री झोप लागली, पण सकाळी मान परत तिथेच. दिरांनी त्यांच्या सलूनवाल्याचं नाव काढलं. दोन्हीकडे एकेकदा कडाड केलं की मान मोकळी, वर डोक्याची चंपी फुकट. पुरुषांच्या सलूनमध्ये मी कुठे जाणार, एवढ्याच कारणाने ते टळलं. पुढे फिजिओथेरपिस्टकडून कळलं की अशा झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून चीर पडल्याची उदाहरणं आहेत. क्वचित होतं, पण झालं तर थेट पक्षाघात. दीर अजून जातात. त्यांना हे दोनदा सांगून झालंय.

सगळ्यात मोठा मूर्खपणा मात्र माझा स्वतःचा. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या, दुखणं दबलं, आणि त्या दबलेल्या दुखण्यावर मी आणखी तीन फॉर्म तपासले. आठव्या दिवशी सकाळी चहा गाळताना उजव्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या. हात झटकला, गेल्या नाहीत. दुपारी पेन धरताना परत आल्या. तेव्हा घाबरले. माझं पोट त्या दोन बोटांवर आहे.

कर्वे रोडच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे नवरा घेऊन गेला. डॉक्टरांनी मानेला हात लावायच्या आधी भलतेच प्रश्न विचारले. ब्लाउजचे हूक लावताना बोटं अडखळतात का? हातातून भांडी पडतात का? चालताना तोल जातो का? लघवीवर ताबा आहे ना? मानेच्या दुखण्यात लघवी कुठून आली, मला कळेना. ते म्हणाले, मज्जारज्जूवरच दाब आला असेल तर त्याची लक्षणं हात, चाल आणि लघवी यांत दिसतात आणि मग दिवस घालवून चालत नाही. माझं तसं काही नव्हतं. मग रबरी हातोडीने कोपरावर टकटक केलं, दोन्ही हातांचा जोर बघितला. शेवटी डोकं उजवीकडे कलवून वरून हलकेच दाबलं, तशी खांद्यापासून अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली. "हं," डॉक्टर म्हणाले, जणू हवी ती ओळ सापडली.

एक्स-रे निघाला. मानेत सात मणके असतात आणि बाजूने पाहिलं तर त्यांची रांग पुढच्या बाजूला किंचित बाक घेऊन असायला हवी. माझी रांग फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली जागा जराशी कमी. त्या दोघांमधून निघणारी शीर अंगठा आणि तर्जनीकडे जाते, म्हणून मुंग्या बरोबर त्याच दोन बोटांना. डॉक्टरांनी हे चार वाक्यांत सांगितलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तीन आठवडे फिजिओथेरपी लिहिली आणि मुंग्या थांबून मान वळेपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही म्हणाले. पट्टा मी स्वतःहून मागितला. पट्टा बांधून फिरलं की निदान घरातले लोक काम सांगत नाहीत. "पट्ट्याने स्नायू आळशी होतात. तुम्हाला गरज नाही," ते म्हणाले. एमआरआयही नको म्हणाले. हाताची ताकद कमी वाटली तर मात्र त्याच दिवशी यायचं.

इतकं नीट सांगूनही रात्री मी काय केलं? अंथरुणात कुशीवर पडून, फोन उशीला टेकवून, माझा रिपोर्ट शोधत बसले. मानेचा बाक जाणे म्हणजे काय, मणके झिजणे म्हणजे काय, ऑपरेशनला किती खर्च येतो. त्यातच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते चित्र आलं. तुम्हीही पाहिलं असेल. एका माणसाची मान टप्प्याटप्प्याने वाकत जाते आणि खाली वजनं लिहिलेली असतात. सरळ असताना ५ किलो, १५ अंशांत १२, ३० अंशांत १८, ४५ अंशांत २२ आणि ६० अंशांत २७ किलो. खाली कुणीतरी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'म्हणजे आठ वर्षांचं मूल मानेवर बसवून तुम्ही फोन बघताय!' मी फोन बाजूला ठेवला आणि अंधारात त्या आठ वर्षांच्या मुलाचा विचार करत जागी राहिले.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. पहिल्याच वाक्यात मला काकू म्हणाली. गेल्या गेल्या तिने मान नाही बघितली. म्हणाली, "काकू, फोन काढा आणि रोज करता ते काम करा. मी इथेच उभी आहे." मी एक पीडीएफ उघडली. दीड मिनिटात तिने कागदावर चार गोष्टी लिहिल्या. त्यात मान तिसऱ्या क्रमांकावर होती. पहिला चष्मा, दुसरे पुढे गोल झालेले खांदे, आणि चौथं, 'श्वास धरून वाचतात'. हे मला छप्पन्न दिवाळी अंक तपासून कधी कळलं नव्हतं. चूक दिसायची वेळ आली की मी श्वास धरते.

नंतर उताणं झोपवलं, हनुवटी गळ्याकडे ओढायला लावली आणि डोकं जेमतेम दोन बोटं उचलून धरायला सांगितलं. मला वाटलं, एवढंच? अकरा सेकंदांत मान लटपटायला लागली. गळ्याच्या आतल्या बाजूला मणक्यांना धरून बसलेले बारीक स्नायू असतात, ते माझ्याकडे असून नसल्यासारखे होते. त्यांचं काम मानेच्या मागचे आणि खांद्याचे जाड स्नायू ओढत होते, म्हणून ते दोरखंडासारखे ताठ.

मी तिला ते सत्तावीस किलोंचं चित्र दाखवलं. तिला ते पाठ होतं. रोज कुणीतरी दाखवतं म्हणाली. तो आकडा केनेथ हंसराज नावाच्या अमेरिकेतल्या मणक्याच्या सर्जनच्या २०१४ सालच्या लेखातला. संगणकावर मानेचं प्रारूप मांडून केलेलं ते गणित आहे, कुणा जिवंत माणसाच्या मानेत काटा घालून मोजलेलं नाही. मान वाकली की मागच्या स्नायूंवर भार वाढतो, यात वाद नाही. पण, ती मला म्हणाली, मान काही काचेची नसते. भाताची लावणी करणाऱ्या बायका दिवसभर वाकतात, तुम्हीही डेस्कवर वाकूनच वाचत होतात की. मग तिने ब्राझीलमधला २०१८चा एक अभ्यास सांगितला. अठरा ते एकवीस वयाची दीडशे मुलं घेतली, फोन बघतानाची त्यांची मान तपासली, आणि मान जास्त वाकवणाऱ्यांची मान जास्त दुखते असं काही त्यात निघालं नाही.

"मग माझी का दुखते?" मी जरा चिडूनच विचारलं.

"कारण तुम्ही हलत नाही. कागद असताना पान उलटायचात, पेन उचलायचात, पोऱ्याला पाणी द्यायला उठायचात. आता फक्त अंगठा हलतो." आणि थांबून म्हणाली, "झोप किती?"

झोप पाच तास. एक्स-रेबद्दल ती म्हणाली की चाळिशीपुढच्या, आयुष्यात कधी मान न दुखलेल्या माणसांचे एक्स-रे काढले तरी असल्या झिजेच्या खुणा सर्रास दिसतात. त्या पांढऱ्या केसांसारख्या धरून चाला. आखडलेल्या स्नायूंमुळेही बाक सरळ दिसू शकतो. त्या रात्री मी दहा दिवसांत पहिल्यांदा नीट झोपले. अजून एकही व्यायाम केला नव्हता, हे मुद्दाम नमूद करते.

व्यायामांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते अत्यंत कंटाळवाणे असतात. हनुवटी सरळ मागे ओढायची, म्हणजे मुद्दाम दुहेरी हनुवटी काढायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. कपाळाला तळवा लावून मानेने तळव्याला ढकलायचं, पण मान हलू द्यायची नाही. पाठीची फळकी मागे खेचून खिशात घातल्यासारखी खाली ओढायची. दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून छाती पुढे काढायची. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली घेऊन पाच मिनिटं पडायचं. तीन वेळा रोज. बैठकीचे ४०० रुपये आणि त्यात शेवटची दहा मिनिटं शेक आणि ते मुंग्या आणणारं मशीन. मला मशीन फार आवडायचं. ती म्हणायची, मशीनने आजची संध्याकाळ बरी जाते, दिवाळी व्यायामाने जाईल.

पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं. कधी न वापरलेले स्नायू जागे झाल्याचं ते दुखणं होतं, पण तेव्हा मला वाटलं पैसे पाण्यात गेले. दुसऱ्या आठवड्यात मुंग्या सकाळपुरत्या उरल्या. आणि तिसऱ्या आठवड्यात एका अंकाचे शेवटचे तीन फॉर्म एका रात्रीत आले. अडीच वाजेपर्यंत फोनवर बसले, पहाटे मान परत दगड. पुढच्या बैठकीला ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. माझा फोन मागितला आणि दिवसभरात कोणतं ॲप किती वेळ चालतं त्याचं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

रोजची सरासरी ६ तास ४० मिनिटं. "बघा, कामच इतकं असतं," असं मी म्हणणार होते. तिने बोट खाली सरकवलं. पीडीएफ वाचायचं ॲप १ तास ५० मिनिटं. व्हॉट्सॲप दीड तास, त्यात कामाचं समजा निम्मं. आणि रील्स, जवळजवळ तीन तास. मी जगाला सांगत होते की मराठी साहित्यापायी माझी मान गेली. ती गेली होती बऱ्याच अंशी मळके गालिचे धुणाऱ्या एका माणसाच्या व्हिडिओंपायी. तो फवारा मारतो, काळं पाणी निघतं, खाली गुलाबी फुलं दिसतात. मी हे रोज रात्री कुशीवर झोपून, मान एका बाजूला पिरगाळून, झोप येईपर्यंत बघत होते, आणि त्यामुळेच झोप येत नव्हती. हे वाक्य नवऱ्याने वाचू नये.

मग बदल झाले, आणि ते एकदम नाही झाले. आधी चष्मा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दीडचा नंबर दोन झालाय, म्हणजे मी फ्रीजवरचा जो चष्मा लावत नव्हते तोही जुनाच होता. त्यांनी एकाच काचेत दोन्ही नंबर बसवायचं सुचवलं होतं, पण फिजिओने आधीच बजावलं होतं की तसल्या काचेच्या खालच्या भागातून वाचायला लोक हनुवटी वर करतात आणि मान मागे मोडतात. म्हणून वाचायचा वेगळाच घेतला. नवा चष्मा लावून पहिल्या दिवशी पीडीएफ उघडली तर तोंड आपोआप चार बोटं मागे आलं. संबंध उपचारात इतका झटपट गुण दुसऱ्या कशाचाच आला नाही.

फोन छातीच्या उंचीवर धरायला सांगितलं होतं. दहा मिनिटांत हात भरून येतात. मांडीवर लोड घेऊन त्यावर कोपरं टेकवली की जमतं. दुरुस्त्या अंगठ्याने न लिहिता बोलून लिहायचा प्रयोग केला. मी म्हटलं, 'पहिली वेलांटी', फोनने लिहिलं, 'पहिली वेळ आंटी'. संपादकांचा फोन आला. तो प्रयोग तिथेच संपला.

मग एक दिवस माळ्यावरून सासऱ्यांचं डेस्क उतरवलं. धूळ पुसली आणि छापखान्यात फोन केला की यापुढे ललित आणि कविता पीडीएफवर चालेल, पण कथा आणि लेखांचे फॉर्म मला कागदावर हवेत, छपाईचे पैसे मी देईन. मालक हसले. म्हणाले, "ताई, २०२३ आहे." पण पाठवायला लागले. दिवसातला निम्मा मजकूर कागदावर आला आणि पंचवीस मिनिटांचा गजर लावला. गजर झाला की उठून स्वयंपाकघरात जायचं. काही काम नसलं तरी जायचं. सासूबाईंना वाटतं मला सारखी भूक लागते.

मुंग्या पाचव्या आठवड्यात पूर्ण थांबल्या. मान उजवीकडे खांद्यापर्यंत वळायला आठ आठवडे लागले. तोवर मी मेट्रोने मनपापर्यंत जाऊन पुढे चालत जायची. डब्यात सगळ्यांच्या माना खाली. मी एकटी हनुवटी मागे ओढून, डोळे वटारल्यासारखी ताठ बसलेली. समोरच्या एका मुलाने घाबरून उठून मला जागा देऊ केली, मी बसलेली असूनही.

आताही काम उरावर आलं की खांदा जड होतो. फरक इतकाच की आता मी आमसुलाचं सार पीत नाही. गालिचेवाला अजून बघते, पण खुर्चीत बसून आणि रात्री साडेनऊच्या आत.

डिसेंबरात शेवटच्या बैठकीला गेले. पहिल्या दिवशी तिने व्यायामांचं जे छापील पत्रक दिलं होतं, त्यात 'हनवुटी' आणि 'व्यायम' असं होतं. अडीच महिने ते फ्रीजवर चिकटवून मी दिवसातून तीनदा ते सहन केलं होतं. शेवटी न राहवून तिला सांगितलं. ती लाजली आणि म्हणाली, "काकू, नवीन केलंय, एकदा तुमच्या नजरेखालून घालाल? व्हॉट्सॲप करते."

"प्रिंट दे," मी म्हटलं.

तिने प्रिंटर सुरू केला. कागद हातात आला तर शाई संपत आलेली, आणि एकही अनुस्वार धड उमटला नव्हता.